डुकू फॉन्टदोष

(सीव्हीई-२०११-३४०२). मायक्रोसॉफ्ट विंडोजमधील ट्रूटाइप फॉन्ट वाचणाऱ्या भागात २०११ मध्ये उघडकीस आलेली गंभीर सुरक्षात्रुटी. ‘डुकू’ या हेरगिरीसाठी रचलेल्या मालवेअरने तिचा वापर केला.

स्वरूप : ट्रूटाइप फॉन्टमध्ये अक्षरांच्या बाह्यरेषांबरोबर लहान आकारांसाठी तयार बिंदूचित्रे आणि अक्षर पडद्यावर नीट बसवण्याच्या सूचनाही असतात. फॉन्टमध्ये नोंदवलेल्या मापांवर विसंबण्यापूर्वी ती पडताळावी लागतात. विन३२के.सिस या भागात बिंदूचित्रांची पडताळणी अपुरी होती. मापे मुद्दाम चुकीची दिली, की मेमरीत नेमलेल्या जागेबाहेर लिहिले जाई. हे काम कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या सर्वाधिकार असलेल्या गाभ्यात, चालत असल्याने हल्लेखोराला संगणकाचा पूर्ण ताबा मिळे.

हल्ला : बुडापेस्टच्या तंत्रविज्ञान विद्यापीठातील क्रायसिस प्रयोगशाळेने सप्टेंबर २०११ मध्ये डुकू शोधून काढला. तो तयार करत असलेल्या फाइलींची नावे ‘~डीक्यू’ने सुरू होत, त्यावरून हे नाव पडले. पुढे तो पसरवणारी वर्डची फाइल हाती लागली. तिच्यात ‘डेक्स्टर रेग्युलर’ नावाचा फॉन्ट दडवलेला होता. फाइल उघडताच फॉन्ट आपोआप वाचला जाई आणि तेवढ्याने काम साधे.

मुंबईशी संबंध : बाधित संगणक मुंबईतील एका सर्व्हरशी संपर्क साधत असल्याचे सिमँटेक या संगणकसुरक्षा कंपनीने दाखवून दिले. त्यानंतर ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय माहिती तंत्रज्ञान विभागाच्या अधिकाऱ्यांनी तेथील डेटा सेंटरमधून हार्ड डिस्क व इतर सुटे भाग तपासासाठी नेले.

उपाय : मायक्रोसॉफ्टने ३ नोव्हेंबर २०११ रोजी टी२एम्बेड.डीएलएल ही दस्तऐवजांत अंतर्भूत केलेले फॉन्ट हाताळणारी फाइल वापरण्यास मज्जाव करण्याचा तात्पुरता उपाय सुचवला. १३ डिसेंबरला एमएस११-०८७ ही दुरुस्ती आली. परंतु तोच सदोष कोड कंपनीच्या इतर उत्पादनांतही उतरला होता. त्यासाठी मे २०१२ मध्ये एमएस१२-०३४ काढावी लागली. विंडोज १० मध्ये फॉन्ट वाचण्याचे काम कर्नलबाहेर, मर्यादित अधिकारांच्या प्रक्रियेकडे सोपवण्यात आले.

महत्त्व : मराठी मजकूर दिसायला योग्य फॉन्ट हवाच, म्हणून आपल्याकडे फॉन्टची देवघेव सर्रास चालते. रत्नागिरीजवळच्या पालीसारख्या गावातील डीटीपीच्या दुकानातही लग्नपत्रिकेच्या मजकुराबरोबर पेनड्राइव्हवर फॉन्ट येतो आणि लगेच बसवला जातो. फॉन्ट हीदेखील परक्याकडून आलेली फाइलच असते. तो खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावा आणि संगणकाचे अपडेट कधीही टाळू नयेत.