लघवीत रक्त आलं तर डॉक्टर कारण कसं शोधतात? पट्टीपासून सिस्टोस्कोपपर्यंत

मे महिन्यात काकांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. लघवीचा, सरळ लाल. खाली मेसेज: "गूगलला विचार, काय आहे." काका सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगाईचं काम करतात. बाहेर ४० च्या वर ऊन, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच मत पडलं: उन्हाळी लागलीय. धने-जिऱ्याचं पाणी दिलं, दोन दिवसांत लघवी साफ झाली. मीही अंगठा पाठवून मोकळा झालो. चार महिन्यांनी पुन्हा रक्त आलं, या वेळी गुठळ्यांसह. तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

पहिला प्रश्न होता, "दुखतंय का?" जळजळ आणि ताप असेल तर इन्फेक्शनचा संशय येतो, मग युरीन कल्चर करतात. कमरेतून जांघेकडे जाणारी कळ असेल तर मुतखडा. काहीच दुखत नसेल तर आपण निवांत होतो, पण डॉक्टर नेमके तिथेच सावध होतात. बीट खाल्लं होतं का, टीबीची रिफॅम्पिसिन गोळी चालू आहे का, हेही विचारतात, कारण त्यानेही लघवीचा रंग बदलतो.

मग पट्टी, म्हणजे डिपस्टिक. हिमोग्लोबिनमुळे तिच्यावरच्या रसायनाचा रंग पिवळ्याचा हिरवा होतो. गंमत अशी की पट्टीला रक्ताची पेशी ओळखता येत नाही. अतिव्यायामाने स्नायूंमधून सुटलेल्या मायोग्लोबिनलाही ती 'रक्त' म्हणते. व्हिटॅमिन सी भरपूर घेतलं असेल तर खरं रक्तही चुकवू शकते. फोनच्या कॅमेऱ्याने पट्टी वाचणारी ॲप्स असतात, तीही फक्त हा रंगच वाचतात. रक्त कुठून येतंय ते त्यांना कळत नाही.

म्हणून मायक्रोस्कोप. एका हाय पॉवर फील्डमध्ये ३ किंवा जास्त लाल पेशी दिसल्या तर तपास पुढे न्यायचा. पेशी वेड्यावाकड्या असतील आणि सोबत प्रोटीन जात असेल, तर किडनीच्या गाळणीतच बिघाड असू शकतो. मग क्रिएटिनिन, बीपी, कधी किडनीची बायोप्सी. पेशी गोल, धड असतील तर रक्त बहुधा गाळणीच्या खालून येतंय.

काकांची सोनोग्राफी नॉर्मल आली आणि आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. डॉक्टर म्हणाले, "थांबा." सोनोग्राफीत खडा, किडनीची सूज, मोठी गाठ दिसते. मूत्राशयातली छोटी किंवा चपटी गाठ सुटू शकते. त्यासाठी सिस्टोस्कोपी, आणि वरचा मार्ग बघायला शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन.

सिस्टोस्कोप म्हणजे लघवीच्या वाटेने आत जाणारी कॅमेऱ्याची बारीक नळी. मॅक्स नित्झे यांनी १८७७ मध्ये पहिला सिस्टोस्कोप दाखवला, तेव्हा उजेडासाठी तापलेली प्लॅटिनमची तार होती आणि ती थंड ठेवायला पाणी खेळवावं लागे. आजच्या बऱ्याच स्कोपच्या टोकाला तुमच्या फोनमध्ये असतो तसाच सीमॉस सेन्सर असतो, फक्त खूप छोटा. सुन्न करणारी जेली लावतात, सलाईनने मूत्राशय फुगवतात, काही मिनिटांत काम होतं.

स्क्रीनवर काकांची गाठ दिसली. लहान होती. दुर्बिणीनेच काढून पॅथॉलॉजीला पाठवली. कॅन्सर निघाला, पण स्नायूपर्यंत गेला नव्हता.

डॉक्टरांनी बिडी आणि रंगाचं काम, दोन्ही विचारलं होतं. रंगाच्या कारखान्यातले कामगार आणि मूत्राशयाचा कॅन्सर यांचा संबंध जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच मांडला होता. तंबाखू हे तर आजचं सगळ्यात मोठं कारण. काकांना दोन्ही होतं, त्यामुळे नेमकं कशाने झालं ते कोणी सांगू शकत नाही.

दर तीन महिन्यांनी त्यांची पुन्हा सिस्टोस्कोपी असते, रिमाइंडर माझ्या फोनवर. तुमच्या घरात असं झालं तर फोटो जरूर काढा, तारीख-वेळेसह डॉक्टरांना दाखवा, लघवी साफ झाली असली तरी. आणि गुठळ्यांनी लघवी अडली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री सिव्हिल गाठा.