चिनीमातीतली मेंढपाळीण

दिवाळीला आमच्या घरी कपाटातल्या ठेवणीतल्या कपबशा बाहेर निघत. त्यांतल्या एका विलायती बशीवर एक मेंढपाळीण होती. गुलाबी झगा, टोपीला फीत, मांडीवर कोकरू, शेजारी पावा वाजवणारा तरुण. बशी पुसता पुसता आजी एकदा म्हणाली, "मेंढरं राखते म्हणे, आणि पायाला धूळ कशी ती नाही!" आम्ही मुले हसलो. पुढे मी या बाईचे कूळ शोधू लागलो, तेव्हा आजीने नेमके वर्मावर बोट ठेवले होते असे ध्यानात आले.

ही बाई रानातली नव्हेच. ती रंगभूमीवरून आली. पॅरिसला १७४५ साली फाव्हार या नाटककाराची एक मूकनाटिका गाजली. त्यातली प्रेमी जोडपी चित्रकार फ्रान्स्वा बूशे याने कागदावर उतरवली, आणि व्हँसेनच्या कारखान्यातील कारागिरांनी ती चिनीमातीत आणली. हा कारखाना १७५६ मध्ये सेव्र गावी हलला. १७५९ मध्ये खुद्द पंधराव्या लुईने तो विकत घेतला. राजाची प्रिया मादाम द पोंपादूर हिचा त्यावर वरदहस्त होता.

काम मोठे जिकिरीचे. रंग धातूंच्या भस्मांचे. ते भट्टीत गेल्यावर खुलत. सोन्याचा मुलामा शेवटी चढे. एवढ्यात कुठे चीर गेली की सारे कष्ट मातीमोल! अशा वस्तू गरिबाच्या फळीवर कोठून येणार? मेंढपाळीण सजली ती राजवाड्यासाठी.

या हौसेची परमावधी झाली रांबूइये येथे. सोळाव्या लुईने राणी मारी आंत्वानेतसाठी तेथे दुग्धशाळा बांधविली. तिच्यासाठी सेव्रला १७८८ मध्ये दुधाच्या बादल्याही घडल्या, चिनीमातीच्या. पण रंगविल्या अशा, की पाहणाऱ्याला लाकूडच वाटावे! खेड्यातली गवळण लाकडी बादली वापरी, कारण तिला दुसरी परवडत नसे. येथे अतिमोलाची वस्तू गरिबीचे सोंग घेऊन उभी होती.

त्याच वर्षी १३ जुलैला पॅरिसभोवतालच्या मुलखात गारपीट झाली. उभी पिके झोपली. पाव महागला. पुढल्या वर्षी, ५ ऑक्टोबर १७८९ रोजी, पॅरिसच्या बाजारातल्या बायका भाकरीसाठी व्हर्सायला निघाल्या. पाऊस पडत होता. त्यांची वाट सेव्र गावावरूनच जात होती.

त्या कारखान्यात निर्मळ पायांच्या किती मेंढपाळिणी रंगल्या असतील! बाहेरच्या रस्त्याने चाललेल्या बायकांचे पाय मात्र चिखलाने माखले होते. दुसऱ्या दिवशी त्या राजाराणीला पॅरिसला घेऊनच परतल्या.

ती बशी अजून माझ्याकडे आहे. दर दिवाळीला मी ती पुसतो, आणि नजर आपोआप तिच्या पायांकडे जाते.