तार कोणाची?

१८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला सुमारे दीड महिना लागला. हिंदुस्थानपर्यंत तार हवीच, हे इंग्रजांना तेव्हा पटले. तांबड्या समुद्रातली पहिली केबल लवकरच निकामी झाली, म्हणून नजर इराणकडे वळली. १८६४ मध्ये ग्वादर, मुसंदम, बुशहर, फाओ अशी केबल आखातात टाकली गेली. इंग्लंडमध्ये बनवलेली ही केबल शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून आधी मुंबईला आली होती.

केबलला असे मधले टप्पे का ठेवत, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. आत तांबे, त्यावर गटापर्चाचा विसंवाहक थर आणि बाहेर समुद्राचे पाणी, म्हणजे केबल हे एक लांबलचक धारित्रच झाले. प्रत्येक ठोक्याला ते आधी भारित व्हावे लागते, त्यामुळे ठोके पसरट होऊन एकमेकांत मिसळतात. लांबी दुप्पट केली की विलंब चौपट होतो, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी दाखवले होते. खांबांवरच्या तारेत हा त्रास फारच कमी. पण खांब रोवायला जमीन लागते आणि जमिनीला मालक असतो!

१८७० मध्ये सीमेन्स बंधूंची लंडन-तेहरान तार सुरू झाली. चाचणीच्या वेळी लंडनचा संदेश कलकत्त्याला २८ मिनिटांत पोचला. ही तार जर्मनी आणि रशियातून जाई. तेहरानपासून पुढे बुशहरपर्यंतची तार इंग्रजांच्या तारखात्याकडे होती. ज्या रशियाच्या धास्तीने हिंदुस्थानची सरहद्द राखायची, त्याच्याच खांबांवरून हिंदुस्थानचे संदेश जात होते.

ईशान्य इराणात तर गुंता आणखी मजेदार होता. तेहरान-मशहद तारेवर इंग्रजांचे तारबाबू बसत, तर मशहदहून दक्षिणेला सिस्तानकडे जाणाऱ्या तारेवर रशियाची देखरेख. सिस्तान हिंदुस्थानच्या सरहद्दीजवळ असल्याने इंग्रजांना हे खुपत होते. तार दुरुस्त करायला माणूस ठेवला की मुलूख पाहायलाही माणूस मिळतो, हे दोघेही जाणून होते. ऑगस्ट १९०७ च्या करारात उत्तर इराण रशियाच्या आणि आग्नेय भाग ब्रिटनच्या प्रभावाखाली गेला. इराणला कोणी विचारले नाही. आता प्रत्येकाची तार दुसऱ्याच्या हद्दीत आली आणि तारांच्या अदलाबदलीची बोलणी करावी लागली.

इराणी लोकांनी मात्र या तारांचा वेगळाच उपयोग केला. तारेचे टोक थेट शहाच्या सिंहासनापाशी आहे, अशी समजूत होती. म्हणून गाऱ्हाणे असलेली माणसे मशिदीत आश्रय घ्यावा तशी तारघरात येऊन बसत. तंबाखूच्या मक्तेदारीविरुद्धचा १८९१ चा बहिष्कार आणि १९०६ नंतरची संविधानाची चळवळ, दोन्हींत शहरे एकमेकांशी तारेने बोलली. परकीयांनी स्वतःसाठी उभारलेले खांब, पण विद्युत्प्रवाहाला संदेश कोणाचा हे कसे कळावे?

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि लंडन-तेहरान तार जर्मनीतच तुटली.