दिवा घेतलेली बाई

गणपतीला पाहुणे आले की आपण मोहल्ल्यातली मंडळी त्यांना जगनमोहन पॅलेस दाखवायला नेतो. तिथे दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रापुढे उभा राहून मीही कैक वर्षे सांगत आलो, "हे रविवर्म्यांचे." साफ चूक! राजा रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमारास सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी काढले. त्याच गॅलरीत रविवर्म्यांची चित्रे आहेत, म्हणून त्यांचे नाव चिकटले असावे.

शिवाय हे तैलचित्र नव्हे, जलरंगातले आहे. जलरंगात खोडाखोडीला फारशी मुभा नसते. उजेडासाठी कागदाचा पांढरेपणा आधीच राखून ठेवावा लागतो. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून लालसर प्रकाश झिरपतो. वाऱ्यात हातबत्ती सांभाळलेल्या आम्हा रेल्वेवाल्यांना ही गोष्ट लगेच कळते. आमचे एक पाहुणे तर मागे बल्ब आहे का, म्हणून डोकावले होते!

मी तिला राजघराण्यातली कोणी समजत होतो. प्रत्यक्षात हळदणकरांची मुलगी गीता चित्रासाठी उभी राहिली होती. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या. २०१८ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्या कोल्हापुरात वारल्या.