बायोडाट्याचा घरगुती इतिहास



नोकरी मागणाऱ्या पत्रांत सर्वांत प्रसिद्ध पत्र लिओनार्दो दा विंचीचं. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला आपली कौशल्यं कळवली. हलके पूल, तोफा, वेढ्यात उपयोगी पडणाऱ्या युक्त्या असे मुद्दे एकामागून एक, आणि चित्रकला मात्र अगदी शेवटी. मालकाला काय हवंय ते आधी, हे त्याला बरोब्बर कळलं होतं. मला जास्त गंमत वाटते ती याची की, आज उपलब्ध असलेला मसुदा त्याच्या हस्ताक्षरातला नाही असं अभ्यासक मानतात. म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घेणंही तेवढंच जुनं!

आपल्याकडे तर दहाव्या शतकात दानचिंतामणी अत्तिमब्बेने पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून घेतल्या असं सांगतात. त्या काळी किती लेखनिकांच्या चुली त्यावर पेटल्या असतील!

माझी चूल काही टायपिंगवर पेटत नव्हती. मिस्टर बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. सांगली, लातूर, हुबळी, इंदूर, नाशिक. कायमची नोकरी शक्यच नव्हती. बी.कॉम.नंतर मी इंग्रजी ४० ची टायपिंग परीक्षा दिली होती आणि वडिलांनी जुनं गोदरेजचं यंत्र घेऊन दिलं होतं. (गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला, तोवर रेमिंग्टनसारख्या परदेशी कंपन्यांचंच राज्य.) बदलीच्या ट्रकमध्ये ते गोधडीत गुंडाळून माझ्या पायाशी असायचं.

नव्या गावात पहिली ओळख बस्तीत. पूजेनंतर एखादीला सांगितलं की आठवड्याभरात कुणाचा तरी मुलगा दारात. आमचं जेवण सूर्यास्ताआधी उरकायचं, त्यामुळे सात ते नऊ हे माझे कामाचे तास. शेजारणी तेव्हा पोळ्या लाटत असायच्या.

त्या काळी बायोडाटा म्हणजे काय, तर बहुतेक जाहिरातीतच अर्जाचा नमुना छापलेला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, शिक्षण. फुलस्केपवर नमुना टाइप करायचा, खाली कार्बन घालायचा, आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवायला पोरांनी वणवण करायची. रोजगार समाचार १९७६ पासून निघू लागला, त्याच्या कात्रणांची मी वहीच केली होती. लग्नाचा बायोडाटाही माझ्याकडेच यायचा. मग एखाद्याच्या नोकरीच्या अर्जात उंची आणि पोटजात घुसायची, ती मी खोडायची.

१९९१ नंतर चित्र पालटलं. खासगी कंपन्यांना नमुना नको होता, माणूस काय करू शकतो ते हवं होतं. इंदूरला आम्ही संगणक घेतला. एक फ्लॉपी म्हणजे पन्नासेक घरांची आयुष्यं. १९९७ मध्ये नौकरी डॉट कॉम सुरू झालं. हळूहळू कागदाऐवजी ईमेलने पाठवणं रूढ झालं. गाव बदललं तरी गिऱ्हाईक तुटेना, हा माझ्या दृष्टीने त्या बदलाचा खरा फायदा.

याच काळात खोटं लिहायची मागणी वाढली. सहा महिन्यांचा अनुभव दोन वर्षं करा, न केलेला कोर्स घाला. दुप्पट पैसे देणारेही होते. सत्याणुव्रत कागदावर सैल होत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगायची. काही जण उठून गेले. जमाखर्चात ते दिसतंच, मी वही दाखवू शकते.

अवघड प्रश्न खोट्याचा नव्हताच, रिकाम्या वर्षांचा होता. नाशिकला एक बाई आल्या, बी.एड., नवरा बदलीचा, मधली सात वर्षं नोकरी नाही. त्या म्हणाल्या, "ताई, तेवढं गाळून टाका." मी विचारत बसले. प्रत्येक गावी घरी शिकवण्या, एके ठिकाणी पाठशाळेचे वर्ग, दुसऱ्या गावी दहावीची अकरा मुलं. गावं, वर्षं, विषय, मुलांची संख्या, सगळं ओळीने टाइप केलं. वर शीर्षक दिलं, अध्यापनाचा अनुभव. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे सगळं मीच का?"

शाळेने बोलावलं. पगाराचा आकडा ऐकून त्या नाही म्हणून आल्या, तो भाग वेगळा.