बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

नीरेहून बारामतीकडे येताना डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वडगाव निंबाळकर लागते. हा मुलूख भक्तीला सरावलेला आहे. बारामती हे मोरोपंतांचे गाव. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी दरवर्षी पंढरीकडे जाते. एकदा गळ्यात माळ घातली की ती मरेपर्यंत पाळायची, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. याच टापूत आणि त्याच्या आसपास गेल्या पावणेदोनशे वर्षांत काही मराठी माणसांनी ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करले आणि अखेरपर्यंत निभावले. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा गाजल्या, त्यांवर वर्तमानपत्रांत रणे माजली. त्या तारखांच्या पुढची तीस-चाळीस वर्षे त्यांनी कशी काढली, याची विचारपूस फारच थोड्यांनी केली.

बाबा पदमनजींचेच पाहा. १८५४ साली बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९०६ मध्ये ते वारले. मधली बावन्न वर्षे त्यांनी मराठी ख्रिस्ती समाजासाठी शंभरावर लहानमोठी पुस्तके लिहिण्यात घालवली. ‘यमुनापर्यटन’ त्यांतलेच, १८५७ चे. पण ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र घ्या, त्यातला भर बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटचालीवरच आहे. धर्मांतराची गोष्ट सांगणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही तिथेच संपल्यासारखी वाटते. शिष्याची परीक्षा तिथून पुढे सुरू होते.

ती परीक्षा जवळून पाहायची तर वडगाव निंबाळकरहून उत्तरेला दौंड तालुक्यातल्या केडगावला जायला हवे. पंडिता रमाबाईंनी तिथे आपल्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे वेचली.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात जन्मली. पुराणे सांगत आईवडिलांबरोबर तिने देश पालथा घातला. दुष्काळात आईवडील गमावले, कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य पाहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी मनोरमा या लहानग्या लेकीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात संताप उसळला. तिकडे इंग्लंडमध्ये वेगळाच झगडा सुरू झाला. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना ही नवी शिष्या आज्ञाधारक हवी होती. रमाबाई त्यांच्यापैकीच एक असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना लांबलचक पत्रे लिहून प्रश्न विचारत राहिल्या. न पटलेला सिद्धांत केवळ अधिकारी सांगतात म्हणून मी का मान्य करावा? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी का अडवावे? साडी आणि शाकाहार त्यांनी जन्मभर सोडला नाही. हा सारा पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला. तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. रमाबाईंनी माणसांची आज्ञा आणि ख्रिस्ताची आज्ञा यांत पहिल्यापासून फरक केला, आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली.

आपल्या श्रद्धेची तपासणीही त्यांनी थांबवली नाही. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या मोकळेपणाने सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे जावी लागली. जगाने ज्यांना ख्रिस्ती म्हणून कधीच नावे ठेवून टाकली होती त्या बाईंनी इतक्या वर्षांनी असे लिहावे, याला मोठे धैर्य लागते.

बाहेरची परीक्षाही चुकली नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. विधवांसाठीची ही शाळा धर्मांतर करणार नाही, असे वचन रमाबाईंनी दिले होते. पण स्वतःची प्रार्थना त्या दार लावून करत नसत, आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. दार लावून प्रार्थना केली असती तर कदाचित शाळा भरलेली राहिली असती. रमाबाईंनी दार लावले नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात उपासमार सुरू होती आणि लहान विधवा, अनाथ मुली रस्त्यांवर आल्या होत्या. लहानपणी उपाशीपोटी वणवण केलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. प्लेगच्या नियमांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना. केडगावला रमाबाईंनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर मुलींची सोय झाली आणि तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, माग लावले, तेलघाणा चालवला, गुरे पाळली. अंध मुलींसाठी शाळा निघाली, आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. अमेरिकेतल्या मित्रांनी दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत १८९८ मध्ये संपली होती, तरी एवढा संसार त्यांनी अंगावर घेतला.

जून १९०५ मध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट उसळली. मुली तासन्‌तास रडत, गात, पापांची कबुली देत. त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वालपाराइसो इथे विलिस हूव्हर या पाळकांच्या घरी पोचली, आणि १९०९ मध्ये तिथे सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चेतना दिली. केडगावच्या माळावर गायलेल्या प्रार्थनांची दखल अशी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घेतली गेली.

लाट ओसरते. रमाबाईंच्या निष्ठेचा खरा पुरावा त्यानंतरच्या वर्षांत मिळतो. कमी शिकलेल्या बायकांना वाचता येईल असे मराठी बायबल असावे, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून भाषांतर हाती घेतले. बहिरेपणा वाढत चालला होता. मजकूर जुळवणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्ती सदनातल्या स्त्रियाच करत. दुष्काळात उपाशी सापडलेल्या मुली आता खिळे जुळवत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची ती एकुलती मुलगी गेल्यावरही आई मुद्रिते तपासत राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा काम हातावेगळे होत आले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

दरम्यान बारामतीतही एक वेगळी मंडळी मूळ धरत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ने इथे काम सुरू केले, एच. एच. स्ट्रटन आणि त्यांची पत्नी हे इथल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी. या परंपरेत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होत नाही. जाणत्या वयात, स्वतः ठरवून, पाण्यात बुडून तो घ्यायचा असतो. आणि प्रभुभोजन दर रविवारी होते. त्यामुळे एकदा दिलेला शब्द आठवड्याला पुन्हा आठवावा लागतो. सरकारने जन्मानेच ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची वसाहतही बारामतीत होती. हजेरी आणि पहारा यांत जगणाऱ्या त्या माणसांना जन्माचा कलंक लावणारा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. अशा गावात ‘देवापुढे सगळे सारखे’ हे वाक्य उच्चारणे सोपे होते. सोमवारी सकाळी त्याप्रमाणे वागणे हीच शिष्यत्वाची कसोटी होती.

निष्ठेची वाट कधी मिशनच्या दारातून बाहेरही जाते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी शंभरावर ख्रिस्ती पदे रचली, कीर्तने उभी केली, ‘ज्ञानोदय’मध्ये लिहिले, पाळक म्हणून दीक्षा घेतली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि ते म्हणणे पालखीच्या या रस्त्यावरच्या माणसाला चटकन कळते. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य बसू शकत. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची चाल याहून सावकाश. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या पोराला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळेओवळे एका दिवसात सुटले नाही. एकेक आड येत गेले, एकेक गळत गेले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पती गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुढे नेले. औपचारिक शिक्षण जेमतेम, वय साठीकडे झुकलेले, तरी उरलेल्या काव्याचा फार मोठा भाग त्यांचा आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्रही याच काळातले. १९३६ मध्ये त्या वारल्या.

ही सगळी नामवंत माणसे. त्यांच्यामागे नाव नसलेली पुष्कळ कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या निष्ठेचा हिशेब सरकारी कागदांतून दिसतो. धर्म बदलला म्हणून वारसा बुडू नये, असा कायदा १८५० मध्ये झाला; तरी घराचे दार आणि पाणवठा कायद्याने उघडत नसे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्यात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. दाखल्यावर एक शब्द वेगळा लिहिला तर मुलाची शिष्यवृत्ती मिळेल, हे ठाऊक असूनही ज्या आईबापांनी तो लिहिला नाही, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेली ही किंमत आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचे चरित्र कुठे छापलेले नाही.

ते लिहिले जायला हवे, आणि त्याची साधने फार काळ टिकणारी नाहीत. बारामती, इंदापूर, दौंड या पट्ट्यातल्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, सभांची टिपणे, दानाच्या याद्या, वर्धापनदिनाच्या पुस्तिका पाळकांच्या कपाटांत आणि जुन्या घरांच्या पेट्यांत पडून असतात. वाळवी आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाहीत. गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगणाऱ्या बायकांची नावे अनेकदा एवढ्याच कागदांवर असतात. ज्येष्ठ सभासद हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे आणि या वह्यांच्या प्रती काढणे एखादे महाविद्यालय किंवा मंडळीतला तरुण संघ सहज करू शकतो. बाप्तिस्मा घेतला कोणत्या साली, एवढेच त्या ज्येष्ठांना विचारून भागणार नाही. पुढच्या दुष्काळात काय केले, नोकरी गेली तेव्हा कोण उभे राहिले, मुलांच्या लग्नात कोणाला बोलावले आणि कोणी यायचे टाळले, हेही विचारावे लागेल.