युरिएजचे स्फटिक आणि एक जुना वाद

नेट-सेटच्या तयारीत आपण पाठ करतो: युरिएज, ई.सी. ३.५.१.५. पहिला ३ म्हणजे हायड्रोलेज, पाणी वापरून बंध तोडणारं एन्झाइम. पण एन्झाइम हे प्रथिन असतं, हे साधं वाक्यच १९२०च्या दशकात वादाचं होतं.

जर्मनीचे रिचर्ड विलस्टेटर म्हणायचे, प्रथिन हा नुसता वाहक. खरं काम दुसराच कुठला तरी रेणू करतो. माणूस १९१५चा नोबेलविजेता, मग कोण बोलणार? त्यांच्या शुद्ध नमुन्यांत प्रथिनाची चाचणी नकारात्मक यायची. यायचीच, कारण नमुने फार विरळ होते!

इकडे अमेरिकेत, कॉर्नेलमध्ये, जेम्स समनर १९१७पासून जॅक बीनच्या पिठामागे लागले होते. मुळात डावखुरे, आणि डावा हात सतराव्या वर्षीच शिकारीतल्या अपघातात गेलेला. १९२६मध्ये ॲसिटोन घालून काढलेला अर्क त्यांनी रात्रभर थंडीत ठेवला. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले. ते विरघळवले तर युरिया झपाट्याने तुटतो, आणि चाचण्या सांगतात, हे प्रथिन आहे.

तरी विलस्टेटर यांच्या गोटाने मानलं नाही. १९३०मध्ये जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले, तेव्हा कुठे वारं फिरू लागलं. नोबेल मिळालं थेट १९४६मध्ये.

ई.सी. क्रमांकाची पद्धत १९६१ची. ती अभिक्रिया पाहून वर्ग पाडते, रेणूची घडण पाहून नाही. म्हणूनच १९७५मध्ये याच युरिएजमध्ये निकेल सापडलं, तरी क्रमांक ३.५.१.५च राहिला.